डाव्या पानावरच्या काकू

सुमतीकाकूंनी मला पहिल्याच भेटीत गप्प केलं होतं. दोन हजार तीन-चार सालची गोष्ट असेल. शिक्षण संपून मला नोकरी लागली होती ती हेल्पडेस्कवरची, म्हणजे दिवसभर लोकांना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगायचं. त्या पगारात ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका मराठी घराच्या मागच्या अंगणातली खोली तेवढी परवडत होती. अशा खोलीला इथे स्लीपआउट म्हणतात, आणि तिथे खरोखरच फक्त झोपता येत असे. कपडे धुवायला आणि चहा प्यायला मी मोठ्या घरात जायची. पहिल्या दिवशी चहाची वाट बघत, काहीतरी बोलायचं म्हणून, मी म्हटलं की या भागात चोऱ्या फार होतात म्हणे. शेगडीपाशी उभ्या असलेल्या उंच, बारीक बाईंनी मागे वळून न पाहता विचारलं, "तू पाहिलीस?"

मी नाही म्हटलं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि आलं किसायला लागल्या.

घर त्यांच्या मुलाचं, कुणालचं. तो सॉफ्टवेअरमध्ये होता. बायको मुग्धा बँकेत, मुलगी तन्वी आठ वर्षांची. नवरा गेल्यावर काकू पुण्याहून इथे आल्या होत्या. ऑकलंडमधल्या आमच्या मराठी मंडळींत त्या फारशा लोकप्रिय नव्हत्या, आणि त्याचं कारण हाच प्रश्न. सँडरिंगहॅमच्या किराणा दुकानात कोथिंबीर निवडता निवडता कुणाच्या मुलीचं कुणाबरोबर काय चाललंय, याची चर्चा सुरू झाली की काकू शांतपणे विचारायच्या, "तुम्ही पाहिलंत का?" एवढं विचारल्यावर गप्पांत जीव राहत नाही. बायका नाराज होऊन पुढच्या रांगेत जायच्या.

माझं म्हणाल तर, मला त्या पहिल्या महिन्यात जरा तिरसटच वाटल्या. मग एका रविवारी त्यांनी मला बेडकाबद्दल सांगितलं.

काकू प्राणिशास्त्र शिकलेल्या होत्या. पुढे पीएचडी करायची होती, पण लग्न झालं, कुणाल झाला, आणि मग नवऱ्याला सेशेल्समध्ये, भर हिंदी महासागरातल्या माहे नावाच्या बेटावर, गणिताच्या मास्तरची नोकरी मिळाली. त्याच शाळेत काकू विज्ञान शिकवायला लागल्या. तिथे नऊ वर्षं काढली. त्या बेटावर झाडावर राहणारा एक बेडूक आहे. आफ्रिकेकडे देवनळात आणि लव्हाळ्यात राहणाऱ्या बेडकांचं एक मोठं कुळ आहे, त्यातलाच हा, म्हणून काकू त्याला लव्हाळबेडूक म्हणायच्या. खरं तर हा लव्हाळ्यात कमी आणि ताडामाडाच्या पानांत जास्त. मादी हिरवीगार आणि अंगाने चांगली मोठी, नर तपकिरी आणि लहान. सेशेल्सच्या बेटांबाहेर जगात कुठेही तो नाही. त्याचे जवळचे नातेवाईक मादागास्करला, मध्ये सगळा समुद्र. मग हा बेटावर आला कसा? कधीतरी वाहत्या झाडोऱ्याला धरून आला असावा. हे 'असावा' काकू फार जपून उच्चारायच्या.

कुणाल एकदा म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखाच की आई, मायग्रंट."

"त्याला व्हिसासाठी पॉइंट्स मोजावे लागले नाहीत," काकू म्हणाल्या. काकूंचा विनोद महिन्यातून एखादा व्हायचा आणि तो हसवायचा नाही.

तर नऊ वर्षं, शाळा भरायच्या आधी तासभर, काकू घरामागच्या चढावरल्या एका डबक्यापाशी जाऊन बसत. मादी फक्त अंडी घालायला खाली येते, पाण्यावर झुकलेल्या पानांवर नाहीतर काठच्या दगडावर अंड्यांचा गोळा चिकटवते. पिल्लं तयार झाली की शेपटी हलवत खाली पाण्यात घसरतात. हे सगळं काकूंनी पाच लांबट शाळकरी वह्यांत लिहिलं होतं. लिहायची त्यांची एक पद्धत होती. डाव्या पानावर शाईने, जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. उजव्या पानावर पेन्सिलने, जे वाटलं ते. दोन्ही पानांवर तारीख. डावीकडचं उजवीकडे गेलं तर चालेल, म्हणायच्या, उजवीकडचं डावीकडे कधी येऊ द्यायचं नाही. काही दिवस उजवं पान कोरं असे. डावं कधीच नसे, कारण काहीच दिसलं नाही तर त्या 'काही दिसलं नाही' असं लिहीत.

त्यांचं सगळं जगणंच असं दोन पानांत विभागलेलं होतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. घरी बसवेना म्हणून त्या न्यू लिनच्या एका वृद्धाश्रमात कामाला जात. चादरी, टॉवेल, दुपारचे ट्रे. साठी उलटलेल्या बाईला ते काम झेपण्यासारखं नव्हतं. परत आल्या की मागच्या पायरीवर बसून पाय चोळत राहायच्या, आणि बोलायचं नसायचं. तिथे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढे जेवणाचा तक्ता असे: चांगलं, थोडं, नाही. सगळ्या जणी ट्रे ठेवून बाहेर येता येता 'चांगलं' वर खूण करत. काकूंनी एका बाईंच्या नावापुढे तीन दिवस ओळीने 'डिड नॉट सी' असं लिहिलं. सुपरवायझर सामोअन होती, ती बिचारी यांच्याहून दमलेली. तिने समजावलं की एव्हरीवन जस्ट टिक्स, सुमती. काकू म्हणाल्या, मला वीस खोल्या असतात, मी थांबत नाही, त्या काय खातात मला दिसत नाही. चौकशी झाली. त्या बाई अगदी व्यवस्थित जेवत होत्या असं निघालं. मला वाटलं काकू ओशाळतील. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. जेवतात हे आता कळलं, तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

एका उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा कुटुंबं वायटाकेरेच्या डोंगरात पिकनिकला गेलो. न्यूझीलंडचा मूळचा बेडूक तिथल्या ओढ्यांकाठी दगडाखाली असतो. तो ओरडत नाही, त्याची शेपटीवाली पिल्लं काही खातही नाहीत अशी सगळी उलटी तऱ्हा. काकू हे वाचून आल्या होत्या आणि सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग होता. ओढ्याशी गेल्यावर पोरांनी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढल्या आणि भराभर दगड उलटायला धावली. काकूंचा आवाज एवढा चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. दगड उचलायचा नाही, त्याचं घर मोडतं. मग एका ओल्या दगडासमोर त्या स्वतः बसल्या. इकडे सॉसेजेस भाजून झाली, लोकांचे पत्ते खेळून झाले, तरी त्या बसलेल्याच. तन्वी दोनदा जाऊन विचारून आली, "आजी, इज ही कमिंग?" ऊन उतरल्यावर काकू गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. गाडीत त्यांनी पर्समधली छोटी वही काढून लिहिलं ते मला शेजारून दिसलं: 'इथला बेडूक पाहिला नाही. दगड पाहिला.'

आता कुणालबद्दल सांगायला हवं. कुणाल वाईट माणूस नव्हता, उलट फार चांगला. पण आईशी बोलताना तो नेहमी पाहुण्याशी बोलावं तसा जरा जपून बोले. कारण मला मुग्धाने सांगितलं. बेटावर पुढची शाळा धड नाही म्हणून अकराव्या वर्षी त्याला पुण्याला मावशीकडे ठेवलं होतं. आईवडील दोन वर्षांतून एकदा यायचे. मावशीने लाडाने वाढवलं, तक्रार करायला जागाच नव्हती, आणि त्याने कधी केलीही नाही.

काकूंना पासष्टावं लागणार होतं. कुणालच्या डोक्यात आलं की आईच्या वह्यांचं पुस्तक करायचं. सरप्राइज. तो माझ्या खोलीवर आला तेव्हा शाळेतल्या मुलासारखा उत्साहात होता. काकू कामावर असताना मी त्या पाच वह्या त्यांच्या कपाटातून काढल्या, ऑफिसच्या मशीनवर कॉपी केल्या आणि संध्याकाळच्या आत जागेवर ठेवल्या. दोन पानं एकदम एका कागदावर बसत होती. मशीनमधून शाईही काळी आली आणि पेन्सिलही काळी आली. मला हे तेव्हाच दिसलं होतं. मशीनपाशी माझ्यामागे दोघं जण उभे होते आणि मला घाई होती, यापलीकडे माझ्याकडे सांगायला काही नाही.

कुणालने त्या कॉप्या पुण्यात एकाकडून टाइप करून घेतल्या आणि मग महिनाभर, रोज ऑफिसनंतर, स्वतः बसून त्या नीट केल्या. सॉफ्टवेअरवाल्याचं काम, नीटनेटकं. दोनदा आलेलं काढलं, तारखा काढल्या, 'बहुधा', 'असावं', 'वाटतं' हे शब्द फार वेळा येत होते ते काढले. "हीप्स ऑफ रिपीटिशन होतं," मला म्हणाला, "आता मस्त फ्लो आलाय." चाळीस प्रती छापून आल्या.

कार्यक्रम सँडरिंगहॅमच्या एका मिठाईच्या दुकानामागच्या हॉलमध्ये झाला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर इंटरनेटवरचा एक लालबुंद डोळ्यांचा बेडूक होता. काकूंनी पुस्तक हातात घेतलं, पाहिलं आणि कुणालला हळूच म्हणाल्या, "हा आपला नाही." सगळे हसले, कुणालही हसला. मग त्याने पुस्तक उघडून वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम निवडलं होतं, तेच मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत होतं: 'अंडी सुकू नयेत म्हणून मादी रोज रात्री परत येते आणि आपल्या अंगाच्या ओलाव्याने त्यांना भिजवून जाते.' वाचताना त्याचा आवाज जरा हलला. चार-पाच बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी काकूंकडे बघत होते. त्या पुस्तक मांडीवर ठेवून पानं उलटत होत्या, एक, दोन, तीन, आणि मग त्यांनी ते मिटलं. फोटोत त्या हसताना दिसतात.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. वह्या कुणी दिल्या ते त्यांनी विचारलं नाही, कळलेलंच होतं. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या की प्रती कुणाकुणाकडे गेल्या त्याची यादी करून दे. मी दिली. तिथून पुढे जवळजवळ आठ महिने, सुट्टीच्या दिवशी, काकू बसने एकेका घरी जात होत्या. पिशवीत पट्टी, शाईचं पेन आणि मूळ वह्या. ज्या घरी जायचं तिथल्या डायनिंग टेबलावर बसायचं, त्यांची प्रत मागायची आणि तीसएक जागा दुरुस्त करायच्या. पट्टीने सरळ रेघ, समासात 'पाहिलेलं नाही', खाली सही. एका प्रतीला तास जाई. लोक चिवडा पुढे करायचे, आणि त्या गेल्यावर एकमेकांना फोन करायचे की काकूंचं काही खरं नाही. दूरची घरं असली की मी गाडीने सोडायची. मला माफी मागता येत नव्हती, गाडी चालवता येत होती. हेंडरसनच्या एका काकांनी तोंडावरच विचारलं की सुमतीबाई, आम्ही कुठे हे वाचणार आहोत? काकू म्हणाल्या, "म्हणूनच तर. वाचणारं कोणी येईल तेव्हा मी नसेन."

एकोणचाळीस प्रती झाल्या. चाळिसावी कुणालची होती आणि तो देईना.

मी कपडे मशीनला लावत होते, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, त्यामुळे ऐकू आलं. काकूंनी त्याची प्रत मागितली. तो म्हणाला की एक राहिली तर काय बिघडतं. त्या म्हणाल्या, बाकीचे लोक टाकून देतील, तूच एकटा ठेवशील. मग कुणाल म्हणाला, "आई, ते एक वाक्य राहू दे. बाकी काय खोडायचं ते खोड."

"तेच तर खोडायचंय."

तो किल्ल्या घेऊन बाहेर गेला. पुढे कित्येक आठवडे त्या घरात जेवायला काय करायचं यापलीकडे बोलणं नव्हतं. मधल्या काळात काकूंचे पाय सुजायला लागले. नोकरी सोडली. चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा, आणि थांबल्या की म्हणायच्या, "मला आता फार दमायला होतं गं." एरवी न बोलणाऱ्या बाईने ते रोज म्हणावं, याचीच मला भीती वाटायची. मग एक दिवस त्यांनी सांगितलं की पुण्याला बहिणीकडे जाते. ज्या बहिणीकडे कुणाल वाढला तिच्याकडे. कुणालने सगळं करून पाहिलं, डॉक्टर, मुग्धाचं समजावणं, तन्वीची चित्रं. त्यांनी तिकीट काढायला सांगितलं आणि त्याने ते काढून दिलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. बॅगा दारात होत्या. काकू टेबलाशी बसल्या होत्या, तेवढ्यात कुणाल आतून पुस्तक घेऊन आला आणि त्याने ते त्यांच्यासमोर ठेवलं. काकूंनी बॅगेतून वही काढायला सांगितली. दुसरी वही, एक विशिष्ट पान. उजवं. पेन्सिल पुसट झाली होती. त्यांनी बोट ठेवलं ते वाक्यावर नाही, वरच्या तारखेवर.

कुणाल बराच वेळ वाकून बघत राहिला. "हे मी पुण्याला गेलो तेव्हाचं आहे," तो म्हणाला.

"तुला सोडून आले, त्यानंतरचा आठवडा. रोज पहाटे जायचे. अंडी ओली असायची. मादी तर घालून वर निघून गेलेली, ते मी पाहिलं होतं. रात्री मी तिथे कधी नव्हतेच. दव असेल, पाऊस असेल, मला माहीत नाही. पण मला वाटलं की ती येऊन जात असेल." त्या जरा थांबल्या, दम घेतला. "वाटलं म्हणजे, वाटावंसं वाटलं. ते माझं होतं रे. बेडकीच्या नावावर कशाला?"

कुणाल खुर्ची ओढून शेजारी बसला. काकूंनी पट्टी ठेवली, पण ती घसरायला लागली. तेव्हा त्याने दोन्ही टोकांना बोटं दाबून पट्टी धरली आणि त्यांनी रेघ मारली. समासात लिहिलं. सही केली. मग, पेन न ठेवता, म्हणाल्या, "मी परत येईन असंही तुला लिहून देत नाही."

"माहितीये," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. "पुढचं कुठलं, आई?"

त्यांनी वहीत बघून सांगितलं. त्याने पान उलटलं.

मला तिथे थांबवेना. मी अंगणातून माझ्या खोलीकडे आले. दार लावताना स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसली. काकू वहीतून वाचून सांगत होत्या, कुणाल पट्टी सरकवत होता, आणि अजून वीस-पंचवीस जागा बाकी असतील.